चाळीस दाती जोडी

मी दोन्ही सायकली घेतल्या आणि स्कूटी गमावली.

छे! असं काही घडलेलंच नाही. वरचं वाक्य खोडलंय असं समजा आणि पुढं वाचा.

तर, मी एक सायकल निवडणार होतो. फक्त एक! आणि आमच्या उदगीर तालुक्यात आजवर कुणी जावईसुद्धा इतका पारखून घेतला नसेल. तीन महिने व्हिडिओ बघितले, तक्ते केले, ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांकडून टायरची रुंदी पाठ करून घेतली. मला हवी होती ग्रॅव्हल बाईक. म्हणजे डांबरावर पळणारी आणि खडी, मुरूम, चिखल आला तरी तोंड न फिरवणारी सायकल. आमच्या गावच्या वाटेवर हे सगळे प्रकार एकाच किलोमीटरात मिळतात.

शेवटी दोन उरल्या. एक हिरवी, जाड टायरची. दुसरी राखाडी, अंगानं हलकी. लातूरचे दुकानदार हरिओमशेठ म्हणाले, "दोन्ही न्या. शनिवार-रविवार चालवा. सोमवारी एक ठेवा, एक परत करा. परत नाही आली तर तुमची ही स्कूटी माझी."

"शेठ, मी अभ्यास केलेला माणूस आहे!" असं म्हणून मी स्कूटीची चावी त्यांच्या हातात ठेवली. ही स्कूटी मी पहिल्या नोकरीत घेतलेली. ती सर्व्हिसिंगला टाकली की मी तिथंच बाकावर बसून डबा खातो, इतका जीव.

सायकली जीपच्या टपावर बांधून मी गावी, रेवणप्पाकाकांकडं आलो. काका म्हणजे बैलांतले तज्ज्ञ. नुसत्या शेपटीवरून बैलाचा स्वभाव सांगतील! पण गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गेल्या साली त्यांनी स्वतःची जोडी विकली. रविवारी पोळा होता आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा गोठा रिकामा होता. काका दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते, असं रत्नम्माकाकूंनी मला दारातच सांगितलं.

सायकली बघून ते बोलले.

"दात किती?"

"काका, ह्या सायकली आहेत."

"मला डोळे न्हाईत का रं? ते पुढचं चक्कर, त्याचे दात किती?"

"चाळीस."

"चाळीस दाती! लई म्हातारी हाय की! दुसरी?"

"तिलाही चाळीसच."

"मग जोड जमलीय," काका म्हणाले आणि दोन्ही सायकली नेऊन गोठ्यात उभ्या केल्या. हिरवी डावीकडं, राखाडी उजवीकडं.

"काका, मला ह्यातली एक परत करायचीय."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काकूंना परत करायचं म्हटलं होतं. "जोडी फोडतो? उद्या पोळा, अन् तू जोडी फोडायचं बोलून राहिलास?"

शनिवारी सायंकाळी मी दोन्ही सायकली आळीपाळीनं माळावरून खाली आणल्या. उतार लांबलचक, त्यामुळं चाकांच्या मधल्या ब्रेकच्या चकत्या तापल्या होत्या. काकांनी एका चकतीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "यप्पा! खांदे तापलेत लेकरांचे!"

मी हसलो. माझी चूक झाली ती इथं! मी अंघोळीला गेलो आणि काकांनी खांदमळणी केली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या दमलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, तशी. चारही चकत्यांना. दोन्ही बाजूंनी. मन लावून! वर दोघींना रीतसर आमंत्रणही दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." सायकलींनी नाही म्हटलं नाही, असं काकू नंतर सांगत होत्या.

रविवारी दुपारी चारला शेवटची परीक्षा. माळ, काळी माती, मुरूम आणि मग गावात उतरणारा सिमेंटचा रस्ता.

"हिरवीवर मी बसतो," काका म्हणाले.

"तुमचे गुडघे?"

"उतारावर गुडघे कशाला लागून राहिलेत?" आणि त्यांनी दोन्ही सायकलींच्या हँडलांना एकच कासरा बांधला. जोडी सुटी सोडत नसतात म्हणे.

मातीत हिरवी सरस. मुरुमावर राखाडी सरस. माझा निर्णय अगदी ओठावर आला होता, तेवढ्यात उतार लागला आणि मी ब्रेक दाबला.

काही नाही!

पुन्हा दाबला. नुसता लोण्याचा सुगंध आला.

"काका, ब्रेक लागेनात!"

"माझे तरी कुठं लागून राहिलेत! पण काय मऊ चालतीय रं! लोण्याचा गुण हाय!"

"कुठलं लोणी?"

काकांनी सांगितलं. तोवर वेस दिसायला लागली होती.

वेशीत मानाचं तोरण बांधलेलं होतं. पहिली जोडी त्याखालून जायची ती मलप्पा पाटलांची, चार पिढ्यांचा मान. पाटील फेटा बांधून उभे, बैलांच्या अंगावर झुली, हलगी वाजतेय, मुहूर्ताला दोन मिनिटं बाकी!

"सरका! सरका!" मी ओरडलो.

माणसं सरकली नाहीत. बैल सरकले. त्यांना आमची अवस्था कळली असावी.

आम्ही तोरण तोडून आरपार गेलो. आंब्याची पानं माझ्या गळ्यात, नारळ काकांच्या मांडीवर. शेवटी कडब्याच्या गंजीत घुसून थांबलो. मी आधी सायकली तपासल्या. एक ओरखडा नाही! कासरा सोडला, कडबा झटकला. स्कूटी वाचली होती!

मागं मात्र हलगी थांबली होती.

"रेवणप्पा," पाटील फेटा सावरत धावत आले, "माझा मान तू दोन सायकलींनी मोडला?"

"जोडी हाय का न्हाई?" काका गंजीतूनच गरजले. "गोठ्यातून आली का न्हाई? खांदमळणी झाली का न्हाई?"

सरपंच दीपमालाताईंनी ग्रामपंचायतीतून जुनी वही मागवली आणि वेशीतच वाचली. 'जी जोडी प्रथम तोरण तोडील, तिचा मान. मानाची जोडी पुढील पोळ्यापर्यंत फोडू नये वा गावाबाहेर देऊ नये.'

"ह्यात बैल कुठं लिहिलाय?" ताई म्हणाल्या.

कुणालाच सापडला नाही. पाटलांनी वही उलटी धरूनही बघितली. मग त्यांनी स्वतःचा फेटा उतरवला, काकांच्या डोक्यावर ठेवला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "घे. पण पुढच्या साली माझा बैल ब्रेक लावणार न्हाई!"

काका रडत होते, हसत होते. मी नुसताच रडत होतो.

सोमवारी सकाळी हरिओमशेठचा फोन आला. "काय संगमेशराव, कोणती निवडली?"

मी फोन ठेवला आणि अर्ज लिहायला बसलो. तोच खाली देत आहे.

प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत कार्यालय.
विषय : पोळा रद्द करणेबाबत.
महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, दि. रविवार रोजी संपन्न झालेला पोळा ब्रेकअभावी रद्दबातल ठरवून, लातूरचे दुकान आज रात्री आठ वाजता बंद होण्यापूर्वी फेरपोळा घेण्यात यावा, ही नम्र विनंती.