भाऊंनी चेन ताणली

"तासाभराचं काम!" असं भाऊंनी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, तेव्हाच खरं तर ताईंनी त्यांच्या हातातला पाना काढून घ्यायला हवा होता.

"गिअर काढायचे, मागे एकच दातेरी चक्र बसवायचं, चेन आखूड करायची आणि ताणायची. झालं! संध्याकाळी भंगारवाला आला की त्याला सायकल दाखवायची आणि हात हलवत परत पाठवायचं!"

"आणि नाही जमलं तर?"

"ताई, मी जन्मभर वजनमापं तपासली. बाजारातले भलेभले दुकानदार मला लांबून बघून काटे पुसायला लागायचे. मला एक चेन ताणता येणार नाही?"

ताईंनी कपाळाला हात लावला. वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून भाऊ घरातही तपासणीवरच असत. चादर पलंगाच्या दोन्ही बाजूंनी सारखी लोंबते की नाही, हे पट्टी लावून बघणारा माणूस! जरा कुठे काही ढिलं दिसलं की त्यांना त्यात लबाडीचा वास यायचा.

आई जुनं घर सोडून कायमची ताईंकडे राहायला निघाली होती. घरभर खोकी आणि रद्दीत गुंडाळलेली भांडी. सगळ्याची वासलात लागली होती, उरली होती ती फक्त बाबांची सायकल. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि वर्षानुवर्षं याच सायकलवरून गेले-आले. मग ती भाऊंकडे आली आणि नुकतंच कॉलेजात गेलेल्या भाऊंनी ऐटीत तिला गिअर बसवले, चेनवरचं पत्र्याचं कव्हर उपटून माळ्यावर भिरकावलं. आता बाबा नव्हते आणि सायकल जिन्याखाली धूळ खात होती.

"आईला हवी असेल तर पलंग उभा करीन, पण सायकल नेईन," असं ताई म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं घर केवढं ते पाहता हे फार मोठं बोलणं होतं. पण आईनेच मान फिरवली.

"ती कुठे त्यांची राहिलीय आता? द्या भंगारात."

हे वाक्य भाऊंच्या फार जिव्हारी लागलं. आईच्या तोंडून "हो, ही त्यांचीच!" असं वदवून घेतल्याशिवाय आता त्यांना चैन पडणार नव्हतं.

तर काम सुरू झालं. गिअर निघाले, निघताना भाऊंच्या बोटाचं सालटं घेऊन निघाले. माळ्यावरून कव्हर आलं, त्याच्याबरोबर तितकीच धूळ आली. भाऊंनी ते घासूनपुसून बसवलं. चेनच्या कड्या तोडताना एक कडी उडाली ती थेट ताईंच्या चहात!

"साखर सांगितली होती मी, लोखंड नाही!" ताई म्हणाल्या.

आता चेन ताणायची वेळ आली. चेनमध्ये जराशी ढील ठेवावी लागते, बोटाने दाबली तर हलेल इतपत. कारण पुढचं दातेरी चक्र कधीच तंतोतंत गोल नसतं. फिरता फिरता चेन एका जागी घट्ट होते, एका जागी सैल. हे सगळं सायकलच्या दुकानदाराने भाऊंना चक्र विकतानाच नीट समजावून सांगितलं होतं. पण दुकानदाराच्या तोंडाकडे बघून माप मान्य करतील तर ते भाऊ कसले!

"ढील ठेवा म्हणे! उद्या म्हणतील काट्यातही जरा ढील ठेवा! ताई, धर चाक. मागे ओढ."

"ओढतेय."

"अजून!"

"अरे, ओढतेय ना!"

"जोर लाव की!"

"चाक ओढू की तुझे कान ओढू, ते एकदा सांग!"

नेमकी चेन सर्वांत सैल होती त्या जागी भाऊंनी पट्टी लावली, आणि तिथेही ती तसूभर हलणार नाही अशी ताणून नट आवळले. टिचकी मारली तर चेन टण्णकन वाजली! पेडल हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत ते कण्हलं आणि अडलं. भाऊंनी दोन्ही हातांनी रेटून ते पुढे ढकललं.

"नवं आहे. बसेल हळूहळू," ते म्हणाले.

संध्याकाळ होता होता तेलपाणी झालं, फडकं फिरलं, सायकल आरशासारखी लखलखली. भाऊंनी ती दारात उभी करून आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

आणि पुन्हा भांडी गुंडाळायला निघून गेली. भाऊंचा चेहरा पार उतरला. ताईंना त्या क्षणी आपल्या धाकट्या भावाची इतकी दया आली की चहातल्या कडीबद्दल त्यांनी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

तेवढ्यात भंगारवाला दारात हजर! "हीच ना सायकल?"

"हात लावू नका!" भाऊ ओरडले. "आधी चालवून दाखवतो. आईलाही दिसू दे!" आणि टांग मारून निघालेसुद्धा.

पहिली अर्धी फेरी झकास झाली. दुसऱ्या अर्ध्या फेरीत पेडल अडलं. भाऊंनी अंगाचा सगळा भार टाकला, कण्हत कण्हत ते पुढे सरकलं. अशी अडखळत, उचक्या देत सायकल कोपऱ्यापर्यंत पोचली. कोपऱ्यावर चढ होता. भाऊ पेडलवर उभेच राहिले! ताणलेल्या चेनने मागचं चाक खस्सकन एका अंगाला ओढलं, टायर दांड्यात रुतलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. भाऊ मात्र थांबले नाहीत. समोरच्या बंगल्याच्या फाटकावर जाऊन आदळले. त्या फाटकाला रंगारी नुकताच हिरवा रंग देऊन विडी शिलगावत बसला होता.

"अहो, माझं फाटक!" रंगारी किंचाळला.

"अहो, माझं नाक!" भाऊ कळवळले.

"नाकाचं राहू द्या, दुसरा हात कोण देणार इथे?"

भाऊंच्या सदऱ्यावर, गालावर, पायजम्यावर फाटकाचे गज छापून उठले होते. पाना घरी राहिलेला. शेवटी रंगाऱ्यानेच आपली पक्कड दिली, ती भाऊ लवकर टळावेत म्हणून. चाक सरळ करताना ते पुढे घसरलं, चेन खाली लोंबायला लागली. ताणायला ताई नव्हत्या आणि रंगारी आता चाकाला काय, भाऊंनाही हात लावायला तयार नव्हता. जन्मात पहिल्यांदाच भाऊंनी ढिलं माप पास केलं. नट कसेबसे आवळले आणि मान खाली घालून, पेडल मारत ते घराकडे निघाले.

खट्... खट्... खट्... प्रत्येक फेरीला लोंबती चेन पत्र्याच्या कव्हरवर आपटत होती.

घरात ताई भंगारवाल्याला थोपवून धरत होत्या. एवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"पुस्तकं घ्या रे हातात! बाबा आले तुमचे!"

ताईंची साठी उलटली होती, पण त्या झटकन मांडी घालून बसल्या आणि हाताला लागला तो रद्दीचा कागद डोळ्यांसमोर धरला. उलटा! भंगारवाल्यानेही, का कोण जाणे, डोक्यावरची टोपी सरळ केली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

आई दारात आली तेव्हा हिरव्या पट्ट्यांचे भाऊ सायकल धरून उभे होते. आईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती पायरी उतरली, सायकलच्या हँडलवर हात ठेवला.

"ही त्यांची," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अशीच वाजायची."

"अगं, चेन ढिली आहे म्हणून वाजतेय," भाऊ ओशाळून म्हणाले. "चुकून राहिली."

"चुकून कसली? ते दर वेळी घट्ट करून आणायचे, आणि ते झोपले की मी मागचे नट सैल करायचे. त्यांनी घरात पाऊल टाकायच्या आत चहाचं आधण ठेवायला नको? तुमचा धुडगूस आवरायला नको?"

भाऊ आ वासून बघत राहिले. बाबांच्या सायकलची चेन, आणि अशी मापातली लबाडी खुद्द भाऊंच्याच घरात!

"म्हणजे बाबांना कधी कळलंच नाही?" ताईंनी विचारलं.

"कळलं होतं की! म्हणून तर नंतर त्यांनी घट्ट करायचं सोडलं," आई म्हणाली. "आणि कोपऱ्यावर आले की उगीचच जोरात पेडल मारायचे. मला ऐकू यावं म्हणून."

भंगारवाला रिकाम्या हाताने मुकाट चालू लागला. भाऊंना हुंदका आवरेना. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि उरलासुरला चेहराही हिरवा करून घेतला.

आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"सायकल येईल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तू मात्र आधी ज्याचं फाटक अंगावर घेऊन आलास, त्याचं त्याला परत देऊन ये."