पडल्यावर लगेच उठायचं नाही

गाडी सुखरूप आली की स्टेशनावरच्या सगळ्यांचे चेहरे खुलत. पडायचा तो एकच चेहरा, नरहरराव वकिलांचा. काळा कोट, काळी टोपी आणि बगलेत छत्री अशा थाटात ते रोज संध्याकाळच्या गाडीला हजर असत. माणसं हसतखेळत उतरताना दिसली की 'आजही काही नाही' असं पुटपुटत घरची वाट धरत. हमाल त्यांना पाहिलं की इंजिनाच्या दिशेनं हात जोडत.

माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळामास्तर, आणि नव्या जालन्यात आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. ते कायदा शिकले हैदराबादेत आणि तोही उर्दूतून. निजामी गेली, कोर्टातली उर्दूही गेली, पण यांच्या जिभेवरून ती काही हटली नाही. बाकीचे वकील बांधाच्या आणि भाऊबंदकीच्या भांडणांवर पोट भरत. नरहररावांचा जीव जडला होता तो रेल्वेत जखमी झालेल्या प्रवाशांच्या हर्जान्यावर, म्हणजे नुकसानभरपाईवर. या विषयातलं त्यांना सगळं पाठ होतं. अडचण एवढीच की अपघात व्हायला गाडीला थोडाफार वेग लागतो, आणि आमच्या लाइनीवर तो नव्हता.

मग ते तयारीवर समाधान मानत. त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षाच. डब्यात शिरले की ते इंजिनाकडे पाठ करून बसत, चष्मा काढून पत्र्याच्या डबीत ठेवत आणि समोरच्याला विचारत, "आपलं नाव? गाव? कुछ हो गया तर गवाही द्याल ना?" एकदा एक नवं जोडपं हे ऐकून पुढच्याच स्टेशनाला उतरून गेलं.

'गवाह कोण?' हा तर त्यांचा श्वासच. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, आज आमटी खारट झाली वाटतं." हे म्हणाले, "बराबर. पण गवाह कोण?" तीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा स्टेशनावर तिला सगळे आशीर्वाद देत होते आणि हे उपदेश करत होते. "वहिनी, पडलात तर लगेच उठायचं नाही. चार माणसं जमू द्यायची. आणि 'काही लागलं नाही' हे तर बिलकुल म्हणायचं नाही! आपल्या लोकांना ही खोडच आहे. हाड मोडलं तरी धूळ झटकून उठतात आणि काही नाही, काही नाही करत बसतात. तिथंच मुकदमा मरतो." तिला न्यायला आलेल्या माझ्या सासूबाईंनी तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो अपघात शेवटी झाला, तेव्हा नरहरराव प्लॅटफॉर्मवर चहा पीत होते.

ते आणि मी एका लग्नाला परभणीकडे निघालो होतो. वाटेत एका लहान स्टेशनावर इंजिन पाणी घ्यायला सुटलं आणि परत येऊन डब्यांना असं धडकलं की वरची गाठोडी खाली आली. माझ्यासमोर एक म्हातारी उभी होती, वडीगोद्रीकडची धनगरीण, हौसामाय नावाची. लेकीला भेटायला चालली होती. ती उजव्या हातावर आपटली आणि दुसऱ्या क्षणाला उठून पदर सावरून बसली. गार्ड धावत आला तर त्याला म्हणते कशी, "काही न्हाई झालं बाबा. तू जाय, तुझी गाडी खोळंबून राह्यली."

तेवढ्यात हातात चहाचा ग्लास घेऊन नरहरराव डब्यात घुसले. "माय, उठलीस कशाला?" असं ते इतक्या कळवळून ओरडले की गार्डला ही त्यांची सख्खी आईच वाटली.

परभणी येईपर्यंत मनगट सुजून टम्म झालं. हाड मोडलं होतं. ते सांधलं, पण वाकडं. हौसामाय लोकर कातून घोंगडीवाल्यांना सूत द्यायची, एकटीचं पोट त्यावरच चालायचं, आणि आता त्या हातात सूतकताईची चाती फिरेना. नरहररावांनी फी न घेता दावा लावला. गवाह कोण, तर अर्थात मी.

तारखांमागून तारखा पडत गेल्या. हौसामाय वडीगोद्रीहून मोटारीनं यायची, येताना भाकरी आणि ठेचा बांधून आणायची. कोर्टातल्या लिंबाखाली बसून ती आमच्या वकिलांना जेवायला घालायची. "खानावळीचं खाऊन पार वाळून गेलास की रं," म्हणायची. पहिल्या वेळी ते फार अवघडले. नंतर तारखेच्या दिवशी त्यांनी डबाच बंद केला. आईवडील लहानपणी गेलेले, वाढले बोर्डिंगात, लग्न केलेलं नाही. त्यांना कुणी 'घे अजून' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या चढताना नरहररावांचा पाय अडकला आणि सगळ्यांदेखत ते आडवे झाले. रेल्वेचे वकील औरंगाबादेहून आलेले, भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "लागलं का हो?" नरहरराव ताडकन उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही! बिलकुल काही नाही!" मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

आत रेल्वेच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. धक्का बसला हे कबूल, पण बाई स्वतःच काही झालं नाही म्हणाल्या, तेव्हा हात नंतर कुठं मोडला कुणास ठाऊक. मला विचारलं, मी खरं तेच सांगितलं. हौसामायला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हनले की. मंग काय म्हनू? इतक्या मानसांत पडल्ते, लाज वाटली."

ते वकील समाधानानं खाली बसले. मला वाटलं, संपलं, म्हातारीचा हात गेला आणि दावाही गेला. तेव्हा नरहरराव टेबलाला धरून उठले.

"हुजूर, मघाशी मी पायरीवर पडलो. तेव्हा मी काय म्हणालो, हे माझ्या विद्वान मित्रांनी सांगावं."

"काही नाही म्हणालात," मित्र म्हणाले.

नरहररावांनी बूट काढला, मोजा काढला आणि भर कोर्टात पाय खुर्चीवर ठेवला. घोटा कवठाएवढा सुजला होता. मुन्सफ बघायला उठून उभे राहिले.

"माणूस पडला की आधी लाजतो, हुजूर. दुखणं मागून येतं. मी जन्मभर दुनियेला हे बोलू नका म्हणून सांगत आलो, आणि माझ्याच तोंडून ते सुटलं. ही तर मेंढरांमागं हिंडलेली म्हातारी. गार्डला उशीर होईल याची तिला काळजी!"

मुन्सफांना हसू आवरेना. निकाल हौसामायच्या बाजूनं लागला आणि त्या हर्जान्यातून तिनं मेंढ्या घेतल्या. नरहरराव मुद्दाम पडले असावेत, असा मला आजही संशय आहे. विचारलं तेव्हा लंगडत म्हणाले, "शंका बराबर आहे, मास्तर. पण गवाह कोण?"

खटला जिंकलेला माणूस खूश असायला हवा. हे मात्र रेल्वेच्या वकिलांना गाठून विचारत होते, "अपील करणार ना? करा की! मुदत आहे अजून." ते बिचारे घाबरून गेले. अपील झालं नाही. खानावळीचा डबा पुन्हा रोज येऊ लागला, आणि पुष्कळदा तसाच परत जाऊ लागला. मला त्यांचं फार वाईट वाटे, पण हे बोलायचं कसं?

एका बाजारच्या दिवशी दुपारी ओट्यावर ओळखीचा आवाज आला.

"हाय का घरात?"

हौसामाय होती. नरहरराव बाहेर आले. "माय, आज तर कोर्टाचं काही काम नाही," ते कसंबसं म्हणाले.

"ठावं हाय की," ती गाठोडं सोडत म्हणाली. "कोर्टाला कोन आलंय? तुला भूक लागती का न्हाई?"

थोड्या वेळानं ते आमच्या दारात आले. अंगात कोट नव्हता. आवाज एवढा हळू की दोनदा विचारावं लागलं.

"वहिनी, एक ताट मिळेल का? माझ्याकडं एकच आहे."

बायकोनं फळीवरचं नवं ताट काढून दिलं. ते त्यांनी परत आणून दिलं नाही. मी एकदा आठवण करायला निघालो, तर तिनं मला दारातच अडवलं. "राहू द्या," म्हणाली, "लागेल त्यांना."