चार दारांची खोली

नकाशा आपणच काढायचा, असं मी ठरवलं. (ठरवायची कामं मी नेहमी उत्साहाने करतो.) माझ्या सासूबाई, दोन्या बेत्साबे (दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'), गावी एकट्या राहायच्या आणि मेरिदा शहरात आमच्याकडे यायला तयार नव्हत्या. "एका खोलीत कोंडून ठेवायला मी काय सुटकेस आहे?" असं त्यांचं म्हणणं. आईच्या काळजीने माझी बायको लिहिया निम्मी झाली होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, खोली बांधा, बघून ठरवीन.

ऑफिसातल्या मित्राने एक प्रोग्रॅम दिला. हाताने वेडंवाकडं काढायचं, फोटो टाकायचा, की कॉम्प्युटर चित्र ओळखून साफ नकाशा देतो. स्वयंपाकघर आणि आमची खोली यांच्यामधल्या जागेत मी एक चौकोन काढला, त्याला एक दार दिलं आणि लगेच कागदावरच झोपायच्या झोळ्याही टांगल्या. एक सासूबाईंची, दोन पाहुण्यांच्या. एकेका कोपऱ्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकेक वाकडी रेघ. कॉम्प्युटरने त्या थरथरत्या रेघा इतक्या सुबक केल्या की मला भरून आलं. यंत्र असून त्याला झोळी कळते, असं मी लिहियाला कौतुकाने सांगितलं.

नकाशा कानूल मिस्त्रींच्या हातात दिला आणि बजावलं, कागदावर आहे तेवढंच करा, डोकं चालवू नका. मग मी आणि लिहिया सासूबाईंना आणायला गावी गेलो, ते काम संपल्यावरच परतलो.

"दारं किती आहेत रे ही?" लिहियाने शांतपणे विचारलं. (तिचा शांतपणा मी ओळखून आहे.)

"त्यातल्या तीन झोळ्या आहेत," मी म्हणालो.

मिस्त्रींनी नकाशा पुढे केला. नकाशात दार कसं उघडतं तेही तशाच वाकड्या रेघेने दाखवतात म्हणे. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने जन्मात झोळी पाहिली नव्हती. या माणसाला दारांची हौस आहे, एवढंच त्याला कळलं.

सासूबाईंनी एकेक करून चारही दारं उघडली. वारा आरपार वाहू लागला. त्या खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"जावई एवढा समजूतदार आहे, हे कधी बोलली नाहीस गं," त्या लिहियाला म्हणाल्या. "मी राहते इथेच."

लिहिया रडली. मलाही फार आनंद झाला, आणि मी नम्रपणे मान खाली घातली. खरं सांगायची ती वेळ नव्हती.

आता सासूबाईंची झोळी बरोब्बर मधोमध टांगलेली असते. तिथून त्यांना स्वयंपाकघर, अंगण, बैठक आणि आमची खोली, सगळं दिसतं. काल मी पाय न वाजवता फ्रिजपाशी पोचलो.

"जावईबापू," झोळीतून आवाज आला, "डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय ना?"