सरांचं पित्ताशय आणि बाईंचं ड्रायव्हिंग

बाईंनी तिसरा गिअर टाकला आणि शेजारच्या सीटवरचे सर कळवळले. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी गिअर बदलला की ड्रायव्हिंग स्कूलचे सर नेहमीच कळवळत. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेल्या, आणि चारही वेळा त्यांच्यापेक्षा सरांनाच जास्त लाज वाटलेली.

पण आज सर वाकले ते सरळ होईनात. हात उजव्या बरगडीखाली दाबलेला, कपाळावर घाम, अंगात कणकण. बाईंनी गाडी कडेला घेऊन खोदून विचारलं तेव्हा कळलं, की गेले दोन महिने तळलेलं खाल्लं की तिथे दुखायचं, कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जायची, मळमळायचं. सर त्याला ॲसिडिटी म्हणत आणि खिशातली गोळी चघळत. कालपासून मात्र गोळीने हात टेकले होते.

"मी दवाखान्यात नेते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नको, बाई. टॅक्सी बघा."

टॅक्सी मिळेना. शेवटी बाईंनीच गाडी काढली. शंभर पावलंही गेली नसतील, तोच ती गचकन थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. असं अकरा वेळा झालं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. आपलं काय चुकतंय, ते बाईंना समजेना. बाराव्या गचक्याला त्यांचं लक्ष सरांच्या पायाकडे गेलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक असतो. कळ आली की सर तो जीव खाऊन दाबत होते.

"पाय वर घ्या," बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. सरांनी मुकाट्याने सीटवर मांडी घातली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. सरांचा श्वास अर्ध्यातच अडकला. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला होता आणि पित्ताशय टम्म सुजलं होतं. आता सलाइन, अँटिबायोटिक, खाणंपिणं बंद, आणि उद्या दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं.

"अख्खं काढणार?" सर हबकले.

"त्याच्यावाचून काही अडत नाही. पित्त यकृतात तयार होतं, इथे नुसतं साठतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण आणखी काही दिवस काढले असते, तर ते आत फुटायची भीती होती."

सर पांढरेफटक पडले. बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी आधी बाईंना फोन लावला. पुन्हा पुन्हा आभार मानले. मग सहज आठवलं म्हणून त्यांनी विचारलं, की दवाखान्याबाहेरून गाडी कोणी नेली.

"मीच," बाई म्हणाल्या. "परवा घरी आणली. काल बहिणीकडे जाऊन आले. आता तुम्हालाच भेटायला निघालेय. थांबा हं, वळायचंय."

नर्स सरांचा रक्तदाब मोजत होती. तिने यंत्राकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं.