वाढदिवसाच्या दिवशी कार्ड घेऊन यावे

दवाखान्यात कॉम्प्युटर आला की कामं चुटकीसरशी होतात, असं मी मुलाखतीत डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. तोपर्यंत मी एकही दवाखाना आतून नीट बघितला नव्हता. पण अंबडला पपांची कंपनी बंद पडलेली आणि घरात पगार आणणारी मी एकटीच. अशा वेळी माणूस वाटेल ते छातीठोकपणे सांगतो.

डॉ. मोतीराम भोये मूळचे सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचे. पेठ रोडला त्यांचा दवाखाना. माणूस भला, पण यंत्रांवर भारी संशय.

"वर्षभर बघतो, संजना," ते म्हणाले. "जमलं तर तू कायम. नाही जमलं तर कॉम्प्युटर विकून टाकू आणि तूही दुसरीकडे बघ."

हे २००३ च्या जूनमधलं. पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. कॉम्प्युटर गरम होतो म्हणून त्याच्या खोलीला एसी बसवला, तर आठवड्याभरात सगळ्या नर्सचे डबे त्याच खोलीत उघडायला लागले. कीबोर्डच्या फटीतून मी वेळोवेळी शेव काढली आहे. लाइट गेली की सकाळपासून भरलेले पेशंट गायब व्हायचे, आणि पेशंट तर समोर बाकावर बसलेले! तरी उन्हाळ्यापर्यंत माझा प्रोग्राम सुरळीत चालू लागला. पेशंटचं नाव, गाव, जन्मतारीख सगळं आत. खिडकीवर नोंद करायला लताबाई होत्या आणि त्यांचा हात झपाझप चालायचा. एवढा झपाझप कसा चालतो, हे मी कधी विचारलं नाही. चालतोय ना, मग झालं.

कायम होण्याची वेळ जवळ आली तशी मला एक नामी कल्पना सुचली. पेशंटच्या वाढदिवसाला दवाखान्यातर्फे शुभेच्छा पाठवायच्या! कॉम्प्युटर आठ दिवस आधी आपोआप कार्ड छापणार, शिपाई केरूमामा ते पोस्टात टाकणार. खाली ठळक ओळ: 'वाढदिवसाच्या दिवशी हे कार्ड घेऊन यावे. तपासणी मोफत.'

"लोंढा येईल," डॉक्टर म्हणाले.

"कसा येईल, सर? वाढदिवस वर्षभर विखुरलेले असतात. दिवसाला एखादाच येणार."

हिशोब बिनतोड होता. मे महिन्यात सुरुवात केली आणि खरंच एखाददुसराच माणूस यायचा. डॉक्टरही खूश. मी निर्धास्तपणे मनमाडला मावसबहिणीच्या लग्नाला गेले. परत आले तर केरूमामा म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रिंटर दिवसभर बोंबलत व्हता. पिशवी भरून कार्डं टाकली पोस्टात." मी त्यांना शाबासकी दिली.

एक जूनला सकाळी मी दवाखान्याच्या कोपऱ्यावर आले, तर रस्ता अडलेला. काळ्या-पिवळ्या जीपा एकामागे एक उभ्या. पेठ, वणी, इगतपुरी, पार सुरगाण्याकडूनसुद्धा माणसं आलेली. टपावर म्हातारी माणसं, आत लेकुरवाळ्या, आणि प्रत्येकाच्या हातात माझं कार्ड.

मी मागच्या दारानं आत शिरून लताबाईंना गाठलं. "एवढ्या सगळ्यांचा वाढदिवस आजच?"

"मग काय करणार होते मी?" लताबाई म्हणाल्या. "तारीख विचारली की कोणी म्हणायचं आखाजीच्या सणाच्या सुमाराला झालो, कोणी म्हणायचं भाताच्या आवणीत, रोपं लावताना. तुझा कॉम्प्युटर आवणी घेईना. मग शाळेत गुरुजी घालतात तशी एक जून घातली. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर तर आधीपासूनच तीच होती."

नोकरी गेली, हे आता डॉक्टरांनी सांगायचीही गरज नव्हती. तेवढ्यात एका आजोबांनी माझ्या हातात करवंदांचा द्रोण ठेवला. सोमा त्यांचं नाव.

"पोरी, माझा वाढदिस हाय म्हनं. एवढं वय झालं, पन मला कोनी सांगितलंच नाय. रिकाम्या हातानं कसं यावं?"

मागोमाग भागीबाई आंबे घेऊन, तिच्यामागे आणखी कोणी नागलीच्या भाकरी घेऊन. वाढदिवसाचं बोलावणं म्हणून सगळे नटूनथटून आले होते. मला रडावं की पळावं कळेना, आणि नेमके डॉक्टर आले.

"कुठं अपघात झाला का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. लताबाईंचं नाव घेतलं नाही, पण त्याच मध्ये बोलल्या, "तारखा मी भरल्यात, सर."

डॉक्टर म्हणाले, "संजना, माझी जन्मतारीख काय आहे तुझ्या मशीनमध्ये?"

"एक जून, सर."

"माझी आई सांगते, मी ऐन थंडीत झालो. गुरुजींनी पाड्यावरच्या सगळ्या पोरांना एका ओळीत उभं करून एकच वाढदिवस दिला." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात घातला. "पाठव एकेकाला. बोलावलंय तर तपासायला नको?"

त्या दिवशी कोणी जेवायला गेलं नाही. भाकरी आणि आंबे आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले. भागीबाईच्या रक्तात साखर निघाली. सोमाबाबांच्या छातीचे ठोके ऐकून डॉक्टरांनी त्यांना तिथंच ठेवून घेतलं. चार दिवसांनी ते बरे होऊन घरी गेले. आणखी महिनाभर ते आले नसते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, आणि मी खरंच देवाचे, गुरुजींचे आणि लताबाईंचे आभार मानले.

संध्याकाळी शेवटची जीप गेली. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले.

"ही माझी माणसं अगदी गळ्याशी आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आज धडधाकट असताना चढली. तुझ्या कॉम्प्युटरमुळं. उद्यापासून तू कायम."

डोळे भरून आले, कान तापले, डोकं गरगरलं. मला वाटलं, याचंच नाव आनंद.

"बस इथं," म्हणत डॉक्टरांनी माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला.

दिवसभरात एवढी माणसं तपासली, त्यांत सगळ्यात जास्त प्रेशर माझं निघालं. नेमणुकीचं पत्र पुढं सावकाश आलं. त्या दिवशी हातात पडली ती गोळ्यांची चिठ्ठी, आणि खाली ठळक अक्षरात: लोणचं, पापड बंद.