जांभळ्या साडीतले केशवकाका

केशवकाकांचं वावर माझ्या वावराला लागून आहे. रोज ऊन कललं की काका पायजम्यावरून काकूंची जांभळी साडी गुंडाळतात, पदर खांद्यावर घेतात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून चितळांना शिव्या देतात.

"गिळा माय, गिळा. घरी काही रांधत नाही काय तुमच्या?"

चितळं मान वर करतात, काकांना ओळखतात आणि पुन्हा चरायला लागतात. राळेगावच्या बाजारात लोक मुद्दाम विचारतात, "काका, आज साडी नाही नेसले?" काका शांतपणे सांगतात, "वाळत टाकली बा."

खरं सांगायचं तर मी काकांवर जळतो. ही चितळं आधी माझ्याकडे असायची. नाल्याकाठी माझा पडीक तुकडा होता. तिथं गवत होतं, बोरी होत्या. सोयाबीनसाठी मी तो ट्रॅक्टरने साफ केला आणि भोवती सोलरच्या झटक्याची तार ओढली. पाऊसही आता पूर्वीसारखा राहिला नाही. दोन दिवसांत सगळा कोसळतो, मग गायब होतो, आणि नाला संक्रांतीआधीच कोरडा पडतो. काकांनी मात्र आपली पडीक तशीच ठेवली, कडेला ज्वारीच्या चार ओळी पेरल्या, सिमेंटचं टाकं भरून ठेवलं. चितळं माझ्या तारेला वळसा घालून तिकडे गेली. मीच हाकललेली चितळं दुसऱ्याकडे सुखात आहेत, हे मला बघवत नाही. असं मन घेऊन देवापुढे उभं राहायची लाज वाटते. तरी जळतो.

एका संध्याकाळी मी तार बंद केली, बायकोची हिरवी साडी गुंडाळली आणि माझ्या धुऱ्यावरून म्हणालो, "गिळा माय." काकांकडे चरणारा सगळा कळप शेपट्या वर करून पळाला. मागून बायको म्हणाली, "थे साडी माह्या भावानं देल्ली हाये. तुमाले काय होऊन राह्यलं?"

काका पलीकडून बघत होते. हसले नाहीत.

"बापू, साडीनं काही होत नाही," ते मला म्हणाले. "मी त आंधी चूपच बसो. शिव्या तुही काकू देये. थे गेली आन् वावरात आवाजच राह्यला नाही. चितळं काठावर उभे राहत, आत येत नव्हते. मंग एक दिवस मीच तिच्यावाणी बोलून पाह्यलं. आले. घरी आता मले कोणी असं बोलत नाही. इथं मीच बोलतो, मीच आयकतो."

मी खाली बघत म्हणालो, "काका, औंदा थो तुकडा पेरत नाही. गवत येऊ देतो."

मला वाटलं ते खूश होतील. काकांनी नीट असलेला पदर उगाच पुन्हा नीट केला.

"मंग थे तुह्याकडंच येतीन," ते हळूच म्हणाले.

इतके दिवस मला हेच तर हवं होतं.

"नाही येत काका," मी म्हणालो. "मले कुठी शिव्या देता येते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि आपल्या रिकाम्या पडीक तुकड्याकडे तोंड करून सुरुवात केली.

"कुठी मेल्या वं? या आता. हा काही करत नाही."