सेक्रेटरीबाईंचा जळजळीत अहवाल

"या वर्षी मी एकेकाची सालं काढणार आहे! एकेकाची!"

असं म्हणून सेक्रेटरीबाईंनी अहवालाच्या सातव्या पानाखाली सही केली. केली कसली, ठोकलीच! टेबलावरचा पाण्याचा पेला हादरला आणि पलीकडे कपाट आवरणारे त्यांचे यजमान दचकले.

"अगं, जरा सौम्य लिही," ते म्हणाले.

"सौम्य? अकरा वर्षं सौम्यच लिहीत आले! त्याचंच हे फळ आहे!"

बाईंचा राग काही उगाच नव्हता. त्या सेवा क्लबच्या अकरा वर्षं सेक्रेटरी. क्लबात चाळीसएक सभासद. डॉक्टर, दुकानदार, निवृत्त साहेबलोक. दर वर्षी नवा अध्यक्ष यायचा, हार घालून घ्यायचा, वर्षभर फोटोत मधोमध उभा राहायचा आणि निघून जायचा. पण वर्ष ढकलायचं कुणी? झाडं लावायची तर खड्डे कोण खणून घेणार? सेक्रेटरीबाई. शाळेतल्या मुलांचे दात तपासायचे तर दोनशे मुलांना रांगेत कोण उभं करणार? सेक्रेटरीबाई. रक्तदानाला दाते कुठून आणायचे, तळ्याच्या सफाईला टोपल्या कुठून आणायच्या, नेत्रतपासणीला खुर्च्या कुठून आणायच्या? सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर कुठल्याही फोटोत नव्हतं. एका फोटोत बाईंचा कोपर आला होता. तेवढाच.

त्यात यंदाचे अध्यक्ष म्हणजे कहर! फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक. उंच, गोरे, आणि आवाज असा की त्यांनी नुसतं "खुर्ची सरकवा" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला गहिवरून यावं. काम मात्र शून्य! त्यामुळे बाईंनी ठरवलं होतं, उद्याच्या वार्षिक सभेत, क्लबच्या वरच्या कार्यालयातून येणाऱ्या विभागप्रमुखांच्या समोर, सगळा पाढा वाचायचा. बाई हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं नोकरी केलेल्या. अहवालात तारीख, वार, वेळ, सगळं चोख होतं. आणि शेवटच्या परिच्छेदात, शुद्ध कार्यालयीन भाषेत, राजीनामा!

"उद्या बघाच तुम्ही," त्या यजमानांना म्हणाल्या. "हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल!"

दुसऱ्या दिवशी रविवार. सभा अकराला. नऊ वाजता बाईंनी अहवालावर शेवटची नजर फिरवायला घेतली, तर चष्मा नाही!

टेबलावर नाही, उशीखाली नाही, फ्रिजमध्ये नाही. (एकदा तिथे सापडला होता.)

"अहो! माझा चष्मा कुठाय?"

"कुठला चष्मा?"

"कुठला म्हणजे? मला काय दहा चष्मे आहेत? तो, काडीला काळा दोरा बांधलेला!"

यजमान कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांचे हात एकदम थांबले.

"काडीला दोरा बांधलेला?" ते हळू आवाजात म्हणाले. "तो होय? मला वाटलं, कुणीतरी देणगी दिलेला आहे. काल मी तो पेटीत टाकला."

आता ही पेटी कसली? तर वर्षाचा शेवटचा उपक्रम म्हणून क्लबानं गरजूंसाठी घरोघरचे जुने चष्मे गोळा केले होते. अर्थात 'क्लबानं' म्हणजे बाईंनी. ती पेटी महिनाभर बाईंच्याच बैठकीत होती आणि काल दुपारी चष्म्याच्या दुकानात रवाना झाली होती.

"तो दोरा तुम्हीच बांधलात ना?" बाई किंचाळल्या. "तुमच्या हाताची गाठ तुम्हाला ओळखता येत नाही?"

"गाठ ओळखीची वाटली होती गं," यजमान म्हणाले. "म्हणून तर जरा विचार केला. मग टाकला."

जादा चष्माही नव्हता. तो बाईंनी स्वतःच पहिल्या दिवशी पेटीत टाकला होता, लोकांना चांगलं उदाहरण घालून द्यायला!

बाईंनी तडक चष्मेवाल्याला फोन लावला. तो बिचारा उत्साही माणूस.

"काळजी नको बाई! सगळे चष्मे रात्रीच धुऊनपुसून, नंबर लावून, सोनेरी कागदात पेटी बांधून हॉलवर पाठवलीसुद्धा. जे अगदी टाकाऊ होते तेवढे भंगारात दिले. एकाच्या काडीला तर दोरा बांधला होता! लोक काय काय देतात बघा!"

बाईंनी फोन ठेवला. नवऱ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला. चष्मा नसल्यामुळे तो कपाटावर पडला, पण यजमानांना पोचला.

साडेदहाला दोघं हॉलवर आले. बाईंनी स्टेजमागे जाऊन पेटीचा सोनेरी कागद टराटरा फाडला आणि आपला जादा चष्मा हाती लागेल म्हणून एकेक चष्मा डोळ्यांवर चढवायला सुरुवात केली. पहिल्या चष्म्यातून अहवाल गांडुळांच्या गुंत्यासारखा दिसला. दुसऱ्यातून दिसलाच नाही. सातव्यातून यजमान दोन दिसले, आणि एकाच नवऱ्यानं एवढा घोळ घातल्यावर बाईंना ते अजिबात सोसलं नाही. बाराव्यात अक्षरं साधारण अक्षरांसारखी वाटली, तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे दाताचे डॉक्टर धावत आले.

"बाई, चला! पाहुणे आले. आणि हे काय, पाहुण्यांच्या हाती द्यायची पेटी तुम्ही फोडलीत?"

"तुमचे दात शाबूत हवे असतील तर बाजूला व्हा," बाई म्हणाल्या आणि तोच बारावा चष्मा लावून स्टेजवर चढल्या.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत सगळे माजी अध्यक्ष. स्टेजवर विभागप्रमुख, शेजारी फर्निचरवाले अध्यक्ष, कोटाच्या खिशात रुमालाचं टोक. यजमान मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर. पळायला सोपं म्हणून.

बाईंनी सात पानं समोर धरली, श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"सन्मान नाही अध्यक्ष महाराज!"

हॉल चपापला. बाईंनी कागद लांब धरला. "सन्माननीय, सन्माननीय अध्यक्ष महाराज. यंदा आपल्या क्लबचं पहिलं काम म्हणजे वृक्षांवर आरोप..."

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी कागद नाकाला लावला. आता नुसता पांढरा रंग! अकरा वर्षांचा संताप घशाशी आलेला आणि वाचायला एक अक्षर नाही! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. "बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये. बसा तुम्ही. मी वाचतो."

"नको! मुळीच नको!" बाईंनी कागद छातीशी धरला.

"अहो, संकोच कसला? अहवाल आपलाच आहे!" अध्यक्षांनी कागद ओढला. बाईंनी परत ओढला. लोकांना वाटलं, बाई किती विनयशील! टाळ्या झाल्या.

आणि त्या टाळ्यांत बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे! वाचू दे की! स्वतःच्या तोंडानं स्वतःची सालं काढू दे! याहून चांगलं काय?

त्यांनी कागद सोडला, खुर्चीत बसल्या आणि हाताची घडी घातली.

अध्यक्षांनी गळा साफ केला. बाईंचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे अडखळायचा प्रश्नच नव्हता.

"वृक्षारोपणासाठी सकाळी नऊची वेळ दिली होती. अध्यक्ष साडेअकराला आले. त्यांनी एका रोपासोबत फोटो काढला आणि मागे सरकताना तीन रोपांवर पाय..."

आवाज मंदावला. हॉल चिडीचूप. टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती! बाई मनातून उड्या मारत होत्या. बस आता! घाम फुटू दे!

घाम फुटलाही. अध्यक्षांनी रुमाल काढून कपाळ टिपलं आणि समोर पाहिलं. पण लक्षात घ्या, हा माणूस तीस वर्षं फर्निचर विकत होता. पायमोडकी खुर्चीसुद्धा 'झुलणारी' म्हणून खपवलेली! गिऱ्हाइकाचा चेहरा त्याला बरोबर कळायचा. आणि समोरचे चेहरे चक्क हळवे झाले होते!

अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला, आवाज आणखी खाली, पार पोटात नेला आणि वाचलं, "होय. तीन रोपांवर मी पाय दिला."

"'मी' कुठे लिहिलंय तिथे?" बाई पुटपुटल्या. "'अध्यक्षांनी' लिहिलंय! 'अध्यक्षांनी'!"

"रक्तदान शिबिरात," अध्यक्ष वाचत होते, "मी पलंगावर पडून, दंडाला पट्टी बांधून फोटो काढला. रक्ताचा एक थेंब दिला नाही. मात्र दात्यांसाठी आणलेल्या बिस्किटांचे दोन पुडे मी संपवले."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय हा प्रामाणिकपणा!" ते शेजारच्याला म्हणाले.

बाईंची कानशिलं तापली. पुढे पाचवं पान होतं. नेत्रतपासणीच्या दिवशी एक म्हातारी सकाळी सातला येऊन बसली होती. दिसत नव्हतं म्हणून भिंत चाचपत आलेली. डॉक्टर हजर होते, पण अध्यक्षांनी फीत कापल्याशिवाय सुरुवात नाही. ते दहाला आले. तोवर म्हातारी कंटाळून, तशीच भिंत धरून निघून गेली. नाव लिहून घ्यायचंही राहिलं. बाई पुढे तीन दिवस गल्लोगल्ली विचारत हिंडल्या. ती सापडली नाही.

अध्यक्षांनी ते वाचलं. "तीन तास," ते म्हणाले आणि थांबले. "मी त्या दिवशी केस कापायला गेलो होतो." हे कागदावर नव्हतं. त्यांचा आवाज जरासा फाटला. खरा की विकाऊ, ते बाईंना कळेना. आणि कळत नाही म्हणून त्यांचा संताप आणखी वाढला!

हॉलमध्ये हुंदके ऐकू यायला लागले. गाडी आता उतारावर लागली होती. अध्यक्ष पानांमागून पानं वाचत शेवटच्या परिच्छेदावर आले आणि त्याच ओघात वाचून गेले, "या सर्व प्रकारांचा विचार करून मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे!"

वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाईंनी लिहिलं होतं 'देत आहे'. 'देते' लिहिलं असतं तर निदान बाईमाणसाचा राजीनामा आहे एवढं तरी कळलं असतं! कार्यालयीन भाषेनं घात केला.

"नाही! नाही!" अख्खा हॉल उभा राहिला. "असा माणूस पुन्हा मिळणार नाही!"

"यांनाच आणखी एक वर्ष द्या!" दाताचे डॉक्टर माइकवर रडत ओरडले. क्लबात आजवर कुणालाही लागोपाठ दुसरं वर्ष मिळालं नव्हतं. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. मग डॉक्टरांना आठवलं की पुढच्या वर्षीचे अध्यक्ष ते स्वतः होते. ते पुन्हा रडले, जरा वेगळ्या सुरात.

बाई ताडकन उठल्या. "थांबा! अहो, तो राजीनामा माझा आहे! माझा!"

मग कुणीतरी गहिवरून म्हणालं, "बघा! अध्यक्षांसाठी बाईसुद्धा पद सोडायला निघाल्या!"

"अहो, नाही! तो कागदच माझा..."

"ही निष्ठा!" विभागप्रमुख उभे राहिले. "दोघांचेही राजीनामे नामंजूर!"

टाळ्या! अध्यक्षांनी हात जोडले. "बाई, तुम्ही नसाल तर मी कुणाच्या जोरावर काम करू?"

"काम?" बाई ओरडल्या. "कुठलं काम?" पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार?

चहाच्या वेळी त्यांनी यजमानांना कोपऱ्यात गाठलं.

"तुम्हीसुद्धा टाळ्या वाजवत होतात! मी पाहिलं!"

"तुला स्वतःच्या चष्म्याशिवाय दिसलं?"

"नवरा टाळ्या वाजवतोय हे बघायला चष्मा लागत नाही!"

"अगं, पण फार छान वाचलं गं त्यांनी," यजमान नाक पुसत म्हणाले. "ती म्हातारीची गोष्ट तर काळजाला भिडली."

"ती मी लिहिलीय! मी!"

"हो का? तरीच!"

बाईंनी चहाचा कप खाली आदळला. आता एकेकाला धरून, तोंडावर सांगायचं ठरलं. सुरुवात थेट वरून! तशा त्या वळल्या, तर विभागप्रमुखच समोर उभे. इकडेतिकडे बघून ते जवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, अक्षर तुमचं होतं, मी ओळखलं. ते सगळं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

बाईंच्या जिवात जीव आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा एक तरी शहाणा माणूस भेटला!

"होय! मीच! एकेक शब्द माझा आहे!"

"वा! मग असंच एक मलाही लिहून द्या," विभागप्रमुख म्हणाले. "पुढच्या महिन्यात आमची मोठी परिषद आहे. दोन पानं पुरे. चुका मात्र जरा ठसठशीत घाला. माझं पद मोठं आहे."

बाईंचं तोंड उघडलं. अकरा वर्षांचं सगळं, शेलकं, धारदार, जिभेच्या टोकावर आलं. आणि त्यांनी स्वतःच्याच कानांनी ऐकलं:

"कधीपर्यंत हवंय?"